एकीला होकार, एकीला नकार: परळच्या एका स्तनरोग केंद्रातील सुईच्या उपचारांविषयी

परळ भागातील एका खाजगी स्तनरोग केंद्राशी गेल्या दिवाळीपासून आमच्या कुटुंबाचा संबंध आला. सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफीच्या पडद्यावर गाठ पाहत, पूर्ण भूल न देता आणि टाके न घालता, सुईच्या साहाय्याने तिच्यावर उपचार करणे ही या केंद्राची खासियत आहे. आमच्याकडून दोन रुग्ण तेथे गेले: प्रभादेवीला राहणारी बहात्तर वर्षांची आत्या आणि डोंबिवलीची माझी धाकटी बहीण. शस्त्रक्रियेऐवजी सुईनेच गाठीवर उपचार करावा, अशी दोघींनी जवळजवळ एकच मागणी केली, आणि केंद्राने एकीला होकार तर दुसरीला नकार दिला. त्या होकाराची व नकाराची कारणे हाच या परीक्षणाचा मुख्य विषय आहे. केंद्राचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण नाव दिले की वाचणारी बाई थेट तेथे फोन करते आणि विचारायचे प्रश्न मागे राहतात.

आत्याच्या उजव्या स्तनात नेहमीच्या मॅमोग्राफीत 1.1 सेंमीची गाठ दिसली. बायोप्सीत ती कर्करोगाची निघाली; संप्रेरकांना प्रतिसाद देणारी, हर-टू नकारात्मक (वाढीला चालना देणारे हर-टू हे प्रथिन जास्त नसलेली), म्हणजे कर्करोगांत त्यातल्या त्यात सौम्य स्वभावाची. त्याच सुमारास न्यू जर्सीत राहणाऱ्या तिच्या मुलाने एक बातमी पाठवली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑक्टोबर 2025 मध्ये, सत्तर वर्षांवरील स्त्रियांच्या लहान व कमी जोखमीच्या स्तनकर्करोगासाठी, गाठ गोठवून मारण्याच्या एका यंत्रणेला परवानगी दिली होती, अर्थात नंतर संप्रेरकरोधक गोळ्या घेण्याच्या अटीवर. वय, आकार, गाठीचा प्रकार, सर्व काही आत्याला लागू पडत होते. शस्त्रक्रियेची धास्ती असलेल्या, मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही सांभाळणाऱ्या बाईला ही बातमी देवाने धाडल्यासारखी वाटली, तर त्यात नवल नाही.

केंद्रातील रेडिओलॉजिस्ट बाईंनी ती बातमी शांतपणे वाचली आणि तिच्यामागचा अभ्यास आम्हाला समजावून सांगितला. अमेरिकेत झालेल्या त्या अभ्यासात साठ वर्षांवरील 194 स्त्रियांच्या 1.5 सेंमीपर्यंतच्या गाठी शस्त्रक्रिया न करता गोठवण्यात आल्या, आणि पाच वर्षांत त्याच स्तनात कर्करोग पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण 4.3 टक्के आढळले. हा आकडा चांगला आहे, असे त्या स्पष्टपणे म्हणाल्या. परंतु तो निवडून घेतलेल्या स्त्रियांचा आहे, आणि निवडीची पहिली अट अशी की रोग जेवढा आहे तेवढा सगळा सोनोग्राफीत दिसला पाहिजे. एवढे सांगून त्यांनी आत्याच्या मॅमोग्राफीच्या मूळ प्रतिमा मोठ्या पडद्यावर लावल्या. गाठीच्या बाजूला, स्तनाग्राच्या दिशेने, मिठाच्या कणांएवढे पांढरे ठिपके एका रेषेत पसरलेले होते. आधीच्या अहवालात त्यांचा उल्लेख अर्ध्या ओळीत उरकलेला होता.

हे ठिपके म्हणजे कॅल्शियमचे सूक्ष्म कण. अनेकदा ते निरुपद्रवी असतात. परंतु अशा मांडणीतले कण दुग्धनलिकांच्या आत पसरलेल्या, सुरुवातीच्या टप्प्यातल्या कर्करोगाची खूण असू शकतात. सोनोग्राफीत ते बहुधा दिसत नाहीत. म्हणून मॅमोग्राफी यंत्रात स्तन दाबून धरून, दोन कोनांतून घेतलेल्या प्रतिमांवरून सुईची जागा ठरवून, त्या कणांची वेगळी बायोप्सी करण्यात आली, आणि शंका खरी ठरली. गाठ 1.1 सेंमीचीच होती, रोग मात्र तिच्या बाहेर बराच पुढे गेलेला होता.

येथे गोठवण्याची क्रिया थोडी समजून घ्यावी लागते, कारण नकाराचे मूळ तिच्यातच आहे. या केंद्रातील यंत्र द्रवरूप नायट्रोजनवर चालते. पोकळ सुई सोनोग्राफीत पाहत गाठीच्या मधोमध नेली जाते, तिच्या टोकाशी आतल्या आत नायट्रोजन फिरवला जातो, आणि टोकाभोवती बर्फाचा लंबगोल तयार होतो. एकदा गोठवणे, मग वितळू देणे, मग पुन्हा गोठवणे असा क्रम असतो. दुसऱ्या वेळी पेशींची आवरणे अधिक निश्चितपणे फुटतात. पडद्यावर बर्फाची कड पांढऱ्या कमानीसारखी दिसते आणि तिच्यामागे काळी सावली पडते, त्यामुळे बर्फ कोठवर पोहोचला हे डॉक्टरांना प्रत्यक्ष दिसत राहते. परंतु त्या कडेवरचे तापमान जेमतेम शून्य अंश असते, आणि कर्करोगाच्या पेशी खात्रीने मरायला उणे 40 अंशांच्या आसपासची थंडी लागते. याच कारणाने बर्फ गाठीच्या चहूबाजूंनी सुमारे 1 सेंमी पुढे न्यावा लागतो. त्वचा फार जवळ असेल, तर मध्ये सलाइन सोडून तिला वर उचलतात, नाहीतर ती हिमदंशाने जळते. आत्याच्या बाबतीत बर्फ कोठवर न्यायचा हेच सोनोग्राफीत दिसणार नव्हते.

दुसरे कारण मला अधिक पटले. शस्त्रक्रियेत काढलेला भाग पॅथॉलॉजिस्टकडे जातो आणि त्याच्या कडा रोगमुक्त आहेत का, हे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले जाते. गोठवलेली गाठ शरीरातच राहते. तिची कड कोणीही तपासू शकत नाही. म्हणून जे काही जाणून घ्यायचे ते सगळे आधीच जाणून घ्यावे लागते. अमेरिकेतच पूर्वी झालेल्या एका अभ्यासात गाठी आधी गोठवून नंतर शस्त्रक्रियेने काढून तपासल्या होत्या. नेम धरलेली गाठ मरण्याचे प्रमाण तेथे 92 टक्के होते, पण त्या गाठीपासून दूर असलेला, आधी न दिसलेला रोग हिशेबात धरला, तर यश सुमारे 76 टक्क्यांवर उतरले. या दोन आकड्यांमधले अंतर म्हणजेच आत्याच्या मॅमोग्राफीतले ते ठिपके.

ज्या केंद्राने हे महागडे यंत्र विकत घेतले आहे, ज्याच्या प्रतीक्षागृहात त्याच यंत्राचा माणसाच्या उंचीचा फलक उभा आहे, त्या केंद्राने पैसे घेऊन आलेल्या रुग्णाला ‘काकू, हे तुमच्यासाठी नाही’ असे सांगितले, याचे मोल मी इतर सगळ्या सोयींपेक्षा जास्त मानते. आत्याची शस्त्रक्रिया पुढे दुसऱ्या रुग्णालयात झाली, स्तन राखूनच. तीही प्रतिमेच्या आधारानेच झाली: सकाळी मॅमोग्राफीत पाहून कणांच्या दोन्ही टोकांशी बारीक तारा रोवल्या, सर्जनने त्या तारांच्या अनुरोधाने भाग काढला, आणि काढलेल्या तुकड्याचा तिथल्या तिथे एक्स-रे काढून सगळे कण बाहेर आल्याची खात्री करून घेतली. कडा मोकळ्या निघाल्या. गोठवून घेतले असते तर आत्याला कदाचित काही वर्षे बरे वाटले असते, एवढेच.

आता बहिणीविषयी. तिच्या डाव्या स्तनातली गाठ जुनी, बोटाखालून सटकणारी, त्रास न देणारी. आत्याचे निदान झाल्यावर घरात जी घबराट पसरली तिच्यात तिने घराजवळच्या केंद्रात सोनोग्राफी करून घेतली. अहवालावर ‘बाय-रॅड्स 4ए’ असा शेरा, म्हणजे स्तनाच्या प्रतिमांवरून कर्करोगाची शंका किती हे सांगणारी श्रेणी, आली आणि तिने दोन रात्री इंटरनेट पालथे घातले. या श्रेणीचा अर्थ तिला कोणी सांगितलाच नव्हता: 4ए म्हणजे कर्करोग असण्याची शक्यता 2 ते 10 टक्के, अर्थात बायोप्सी करावी एवढी, कर्करोग गृहीत धरावा एवढी नव्हे. परळच्या केंद्रात आधी हाताने तपासणी झाली, मग सोनोग्राफी पुन्हा केली गेली, आणि 14 गेजच्या, म्हणजे सुमारे 2 मिमी जाडीच्या, सुईने बायोप्सी घेण्यात आली. हाताच्या तपासणीला हल्ली लोक जुनाट समजतात. पण मुंबईतच टाटा रुग्णालयाच्या संशोधकांनी 1998 पासून दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर केलेल्या दीर्घ अभ्यासात प्रशिक्षित कार्यकर्तीच्या हाताने केलेल्या तपासणीमुळे रोग लवकरच्या टप्प्यात सापडला, आणि पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये स्तनकर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे 30 टक्क्यांनी कमी आढळले, हे येथे नोंदवावेसे वाटते.

बहिणीचा अहवाल फायब्रोअडेनोमाचा आला. तरुण स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारी ही साधी गाठ; ती कर्करोग नाही, आणि बहुतेकींना ती काढावीही लागत नाही. डॉक्टरांनी पहिला पर्याय हाच ठेवला की काही करू नये, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी. परंतु वर्षभरापूर्वी 1.6 सेंमी असलेली गाठ आता 2.3 सेंमी झाली होती, बहिणीला मूल हवे होते, आणि गरोदरपणात संप्रेरकांमुळे अशा गाठी वाढू शकतात. त्यात रोज आंघोळीच्या वेळी ती चाचपून पाहण्याची तिला सवय लागली होती. तिने गाठ काढून घ्यायचे ठरवले.

बहिणीने आधी गोठवण्याचीच विचारणा केली होती. फायब्रोअडेनोमासाठी ही पद्धत अमेरिकेत 2001 पासून मान्य आहे आणि केंद्रात ती केलीही जाते. तरीही डॉक्टरांनी तिला व्हॅक्यूमच्या सुईने गाठ तुकड्या-तुकड्यांनी ओढून काढण्याची पद्धत सुचवली, आणि त्यामागचा विचार मला फार सूक्ष्म वाटला. गोठवलेली गाठ लगेच नाहीशी होत नाही. शरीर तिला हळूहळू शोषून घेते आणि तोवर अनेक महिने ती हाताला लागत राहते. जिची मुख्य तक्रारच ती गाठ सतत हाताला लागते ही आहे, तिला हा उपचार मानवणार कसा? शिवाय वाढत्या गाठीत फायलॉइड्स या दुसऱ्या, क्वचित कर्करोगाच्या निघणाऱ्या प्रकाराची पुसट शंका असते, आणि सुईच्या बायोप्सीत तिचा निर्वाळा नेहमीच मिळतो असे नाही. व्हॅक्यूमने काढलेली गाठ तुकड्यांच्या रूपात का होईना, पॅथॉलॉजिस्टच्या हाती पडते. मात्र बायोप्सीत फायलॉइड्सची खूण दिसली असती, तर शस्त्रक्रियेने सभोवतालच्या पट्ट्यासह अखंड काढण्याचा सल्ला दिला असता, हेही त्यांनी आधीच सांगून ठेवले.

प्रत्यक्ष उपचाराच्या वेळी मला आत बसू दिले. बहिणीला उताणे झोपवून, डाव्या खांद्याखाली उशी देऊन, हात डोक्यामागे ठेवायला लावला. सुन्न करणारे इंजेक्शन पडद्यावर पाहत गाठीच्या वर आणि मुख्यतः गाठीच्या खाली दिले; त्यामुळे भूल तर मिळतेच, पण गाठ छातीच्या स्नायूपासून सुटी होऊन वर येते. या औषधात रक्तस्राव कमी करणारे अ‍ॅड्रेनलिनही असते, त्यामुळे छातीत थोडी धडधड झाली तर घाबरू नये, अशी पूर्वसूचना मिळाली होती आणि ती उपयोगी पडली. त्यानंतर काही मिलिमीटरचा छेद, आणि त्यातून पेन्सिलीहून थोडी बारीक सुई गाठीच्या बरोबर खाली. सुईच्या अंगाला एक खिडकी असते. व्हॅक्यूमने गाठीचा भाग त्या खिडकीत ओढला जातो, आतले फिरते पाते तो कापते आणि तुकडा नळीतून मागच्या भांड्यात येऊन पडतो. सुई बाहेर काढावी लागत नाही. ती जागच्या जागी फिरवून पुढचा तुकडा घेतला जातो.

पडद्यावर काळसर दिसणारी गाठ खालून वर झिजत जाताना पाहणे हा विलक्षण अनुभव होता. डॉक्टर डाव्या हाताने सोनोग्राफीचा प्रोब आणि उजव्या हाताने सुई धरून होत्या, आणि नजर मात्र एकदाही स्तनाकडे गेली नाही. ती सगळा वेळ पडद्यावर होती. यंत्र सगळीकडे सारखेच असेल, पण प्रोब आणि सुई एका रेषेत राखणारा हात सारखा नसतो. केंद्र निवडताना यंत्राच्या कंपनीपेक्षा, हे काम आठवड्याला किती वेळा होते आणि कोण करते, हे विचारणे अधिक शहाणपणाचे आहे.

वेदना झाल्या नाहीत, असे बहीण सांगते. एका कोपऱ्यात भूल कमी पडली तेव्हा तिने सांगताच काम थांबवून आणखी इंजेक्शन दिले गेले. यंत्राचा घरघराट मात्र चांगलाच मोठा असतो आणि त्याची कल्पना आधी द्यायला हवी होती. काम संपल्यावर नर्सने बराच वेळ हाताने घट्ट दाब देऊन ठेवला, कारण या उपचाराचा मुख्य धोका रक्त साकळण्याचा आहे. मग टाक्यांऐवजी चिकटपट्ट्या आणि त्यावर छातीभोवती आवळपट्टी. स्तन पुढे बरेच दिवस जांभळा, मग हिरवट-पिवळा दिसत राहिला. हे अपेक्षितच असते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर ते फोनवर वेळ ठरवतानाच सांगावे.

येथे मुंबईकरांसाठी एक सूचना. उपचारानंतर तासाभरात घरी सोडतात आणि रुग्णाला ठणठणीत वाटते, म्हणून संध्याकाळी दादरहून कल्याण लोकल पकडण्याचा मोह होतो. तो टाळावा. महिलांच्या डब्यात त्या वेळी कोणाचे कोपर कोठे लागेल याचा नेम नसतो, आणि ताज्या जखमेवर बसलेला एक धक्का रक्त साकळायला पुरेसा आहे. आम्ही टॅक्सीने गेलो. पैसे गेले, पण पट्टी जागेवर राहिली.

सेवेतील उणिवांकडे वळते. पहिली उणीव गोपनीयतेची. स्वागतकक्षातील मुलगी भरल्या प्रतीक्षागृहात रुग्णाचे नाव आणि तपासणीचे नाव एका दमात पुकारते. भिंतीवर ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ हा कायद्याने आवश्यक असलेला फलक ठळक मराठीत आहे, पण संमतिपत्र मात्र केवळ इंग्रजीत. आत्या सातवीपर्यंत शिकलेली आहे. तिने कशावर सही केली, हे तिला मी वाचून दाखवले. डॉक्टर स्वतः उत्तम मराठीत समजावून सांगतात हे खरे, परंतु सही त्या संभाषणावर होत नाही, कागदावर होते.

दुसरी उणीव खर्चाच्या अंदाजपत्रकाची. व्हॅक्यूमची सुई एका रुग्णासाठी एकदाच वापरायची असते, आणि बिलातील सर्वात मोठा आकडा तिचाच असतो. हे आधी सांगितले गेले होते. पॅथॉलॉजीचे शुल्क मात्र अंदाजपत्रकात नव्हते, ते नंतर वेगळे आले. विमा कंपनीने तर आधी दावा फेटाळलाच, कारण कागदपत्रांत या उपचाराचा उल्लेख ‘व्हॅक्यूम बायोप्सी’ असा होता आणि निव्वळ तपासणीसाठी केलेली बायोप्सी त्यांच्या नियमांत बसत नव्हती. संपूर्ण गाठ उपचार म्हणून काढली आहे आणि हा डे-केअर उपचार आहे, असे केंद्राचे पत्र जोडल्यावर दावा मंजूर झाला. हे पत्र केंद्राने पहिल्याच दिवशी द्यायला काहीच अडचण नव्हती. असा अनुभव त्यांना काही प्रथमच आलेला नसावा.

जाहिरातीविषयीही थोडी तक्रार आहे. फलकावर ‘विनाव्रण, विनावेदना, अवघ्या काही मिनिटांत’ असे शब्द आहेत, आणि त्यात गाठीचा साधेपणा किंवा कर्करोग यांचा भेद कोठेच नाही. आतल्या खोलीत बसलेल्या डॉक्टर जो विवेक दाखवतात तो बाहेरच्या फलकावर अजिबात नाही. व्रणाविषयी सांगायचे तर तो खरोखरच नगण्य आहे, तांदळाच्या दाण्याएवढा. पण आत्यासारख्या रुग्णाच्या बाबतीत व्रणाचा प्रश्न यादीत फार खाली येतो.

बहिणीचा अंतिम अहवाल फायब्रोअडेनोमाचाच आला. सहा महिन्यांनंतरच्या सोनोग्राफीत गाठीच्या जागी बारीक रेघेसारखा व्रण दिसतो, शिल्लक गाठ दिसत नाही. साधारणतः 3 सेंमीहून मोठ्या गाठींमध्ये काही भाग मागे राहण्याची किंवा तो पुन्हा वाढण्याची शक्यता अधिक असते, म्हणून त्यांच्यासाठी हे केंद्र सर्जनचे मत आधी घ्यायला सांगते.

जाणाऱ्यांनी जुन्या मॅमोग्राफीचा आणि सोनोग्राफीचा केवळ छापील अहवाल नेऊ नये, मूळ प्रतिमांची सीडीही मागून घ्यावी. ती असली की पहिल्याच भेटीत निर्णयापर्यंत पोहोचता येते. बायोप्सी दुसरीकडे झाली असेल, तर त्या प्रयोगशाळेकडून बायोप्सीचे नमुने जपलेल्या काचपट्ट्या आणि मेणाचे ठोकळे घेऊन जावे, कारण केंद्र आपल्या पॅथॉलॉजिस्टकडून ते पुन्हा पाहून घेते आणि त्याशिवाय उपचाराची तारीख देत नाही. शनिवारी गर्दी फार असते. शक्य असल्यास आठवड्याच्या मधला दिवस घ्यावा.